रिमोटच्या गाडीची लॉगबुक : भुसावळ, उन्हाळा २०२४

७ एप्रिल २०२४, रविवार

लेकीने धुळ्याहून पाठवलेले खोके आज मिळाले. आत नातवाची रिमोटवर चालणारी गाडी असून सोबतच्या चिठ्ठीत त्याने लिहिले आहे, ‘नाना, गाडी दहा मिनिटांत तापते आणि मग रडत चालते. आखाजीला आम्ही येऊ तोपर्यंत नीट करून ठेवा.’ आखाजी म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया. भुसावळच्या विद्युत इंजिन शेडमध्ये नोकरीची सगळी वर्षे काढल्यामुळे तापणाऱ्या मोटरची तक्रार मला नवी नाही. तेथे एकेका मोटरचे वजन टनांत असे आणि ही मोटर मुठीत मावते, एवढाच काय तो फरक. शेडमध्ये कोणतेही इंजिन उघडण्यापूर्वी लॉगबुकात नोंद होत असे. त्याच सवयीने पाना हातात घेण्यापूर्वी ही वही उघडली आहे.

गाडी १:१० प्रमाणाची असून मोटरची गती फक्त मागच्या दोन चाकांना मिळते. मोटर ५४० मापाची, म्हणजे साधारण ३६ मिलिमीटर व्यासाचा आणि ५० मिलिमीटर लांबीचा पत्र्याचा डबा, आत तारेच्या २७ वेढ्यांचे आर्मेचर, म्हणजे फिरणारा भाग, आणि त्याला वीज पोहोचवणारे कार्बन ब्रश. वेढे जितके कमी तितका वेग जास्त आणि मोटर खेचत असलेला प्रवाहही जास्त, त्यामुळे २७ वेढे ही शिकाऊ चालकासाठी सौम्य मोटर समजली जाते. बॅटरी निकेल-मेटल हायड्राइडची, सहा सेलची, ७.२ व्होल्ट आणि ३००० मिलिअँपिअर-तासांची आहे. रिमोट पिस्तुलाच्या आकाराचा असून २.४ गिगाहर्ट्झवर चालतो. गाडी नवीन नाही. नातवाने ती शेजारच्या मोठ्या मुलाकडून घेतली होती, आणि त्या मुलाने तिच्यावर काय काय प्रयोग केले असतील ते उघडल्यावरच कळेल.

८ एप्रिल, सोमवार

वरचे कवच काढले. स्पर गिअर (चाकांकडचे मोठे दातेरी चाक) आणि पिनियन (मोटरच्या शाफ्टवरचे छोटे दातेरी चाक) यांच्या दातांवर कोणीतरी सढळ हाताने तेल सोडलेले आहे. हेतू चांगला असला तरी परिणाम वाईट झाला आहे, कारण उघड्या गिअरवरचे तेल रस्त्यावरचा फुफाटा धरून ठेवते आणि तेलात कालवलेली ती बारीक माती दातांवर कानशीसारखी फिरत राहते. रंगाच्या जुन्या ब्रशने आणि कोरड्या फडक्याने सर्व दात पुसून काढले. या गाडीत तेलाची जागा मोजकी आहे. मोटरच्या दोन्ही टोकांना असलेल्या बुशांवर सुईच्या टोकाने एकेक थेंब, आणि बस्स. तो थेंबसुद्धा कम्युटेटरकडे, म्हणजे ब्रश ज्यावर घासतात त्या तांब्याच्या कड्याकडे, ओघळता कामा नये. बंद डिफरेन्शियलमध्ये, म्हणजे मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या गिअरपेटीत, ग्रीस असते, त्याला आज हात लावला नाही.

चार स्क्रू ढिले निघाले. जे स्क्रू धातूत बसतात त्यांच्या आट्यांना निळे लॉकटाइट, म्हणजे स्क्रू ढिला होऊ न देणारा डिंक, लावले. प्लास्टिकमध्ये बसणाऱ्यांना ते लावू नये, प्लास्टिक तडकू शकते.

९ एप्रिल, मंगळवार, गुढीपाडवा

गुढीची पूजा झाल्यावर सायंकाळी गाडी पहिल्यांदा चालवली. कॉलनीच्या सिमेंटच्या गल्लीत दिव्याच्या दोन खांबांमधील अंतर टेपने मोजले, ते नेमके ३० मीटर भरले. पूर्ण वेगात हे अंतर कापायला ४.१ सेकंद लागले, म्हणजे ताशी सुमारे २६ किलोमीटर. दोन खांबांमध्ये दहा मिनिटे सतत ये-जा करून मोटरचे तापमान घ्यायचे, ही यापुढची ठरलेली चाचणी.

इन्फ्रारेड तापमापकाने मोटरच्या डब्यावर ५८ अंश दाखवले. हा आकडा चांगलाच म्हणायचा. पण डब्याला बोट लावले तर चटका बसून हात आपोआप मागे आला. यंत्र आणि बोट यांच्यात मतभेद झाला तर मी बोटाचे ऐकतो.

१० एप्रिल, बुधवार

मतभेदाचे कारण सापडले. चकचकीत धातूचा पृष्ठभाग स्वतःची उष्णता फार कमी उत्सर्जित करतो आणि आजूबाजूची उष्णता आरशासारखी परावर्तित करतो, त्यामुळे इन्फ्रारेड तापमापक अशा डब्यावर फसतो. मोटरवर काळ्या इन्सुलेशन टेपचा नखाएवढा तुकडा चिकटवला आणि चाचणी पुन्हा घेतली. सायंकाळी पाच वाजता हवेचे तापमान ४१ अंश, टेपवरचे तापमान ९३ अंश. कालचा आकडा खोडलेला नाही, त्यापुढे ‘टेपशिवाय, अविश्वसनीय’ असा शेरा मारला आहे. बॅटरी एकूण १४ मिनिटे पुरली.

१२ एप्रिल, शुक्रवार

समोरच्या घरातील गृहस्थांचे म्हणणे असे की, भुसावळच्या उन्हात माणूस तापतो तिथे खेळण्याची काय कथा, उगाच खटाटोप करू नये. मत ऐकायला बरे आहे, परंतु तपासून पाहणेही सोपे आहे. आज पहाटे पावणेसहाला, हवा २६ अंशांवर असताना तीच चाचणी घेतली. मोटर ७७ अंशांवर गेली. सायंकाळी वाढ ५२ अंशांची होती आणि पहाटे ५१ अंशांची, म्हणजे मोटर हवेच्या वर जेवढी चढायची तेवढी चढतेच. उन्हाळा फक्त चढाईची सुरुवात वरच्या पायरीवरून करून देतो. रेल्वेच्या मोटरचे मोजमापही ‘सभोवतालच्या वर किती अंश वाढ’ असेच करतात, ते याच कारणासाठी. यापुढे वहीत वाढीचाच आकडा महत्त्वाचा धरायचा.

दोष गाडीतच आहे.

१४ एप्रिल, रविवार

दात मोजले. स्पर गिअरला ८४ दात आणि पिनियनला २६. भागाकार ३.२३ येतो. सौम्य मोटरला इतका मोठा पिनियन लावणे म्हणजे सायकलस्वाराने चढावर सर्वांत जड गिअर टाकून पायडल मारण्यासारखे आहे. सपाट रस्त्यावर वेग मिळतो, पण प्रत्येक सुरुवातीला दम लागतो. पूर्वीच्या मालकाने वेगाच्या हौसेपायी हा बदल केलेला दिसतो. हिशेबही तेच सांगतो. ३००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी १४ मिनिटांत संपते याचा अर्थ मोटर सरासरी १३ अँपिअरच्या आसपास खेचते. वेढ्यांमध्ये निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढत असल्यामुळे प्रवाह दुप्पट झाला की ती चौपट होते. २० दातांचा पिनियन जळगावहून मागवला. शाफ्ट ३.१७ मिलिमीटरचा आहे आणि दातांचे माप तेच पाहिजे, हे दुकानदाराला दोनदा सांगितले, कारण माप न जुळणारा पिनियन बसतो आणि फिरतोही, पण आठवड्याभरात स्पर गिअर खाऊन टाकतो.

२१ एप्रिल, रविवार

पिनियन बसवला. त्याला शाफ्टवर धरून ठेवणारा बिनडोक्याचा ग्रब स्क्रू शाफ्टच्या सपाट बाजूवरच टेकला पाहिजे. गोल बाजूवर टेकवला तर तो कितीही आवळला तरी सरकतो. मोटर घट्ट करण्यापूर्वी दोन्ही गिअरच्या दातांमध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालून मोटर हलकेच दाबून धरली, स्क्रू आवळले आणि चाक फिरवून पट्टी बाहेर काढली. पट्टीवर घड्या पडाव्यात, ती फाटू नये. फाटली तर दात एकमेकांत रुतले आहेत, आणि पट्टीवर घडीच उमटली नाही तर ते फार दूर आहेत. दुसऱ्या प्रयत्नात पट्टी पाहिजे तशी आली.

हवा ४२, मोटर ७७, वाढ ३५ अंश. बॅटरी १९ मिनिटे पुरली. ३० मीटरला ४.९ सेकंद लागले, म्हणजे वेग ताशी २२ किलोमीटरवर उतरला. नातवाला हे पसंत पडेल की नाही याविषयी मी साशंक आहे.

४ मे, शनिवार

लेक आणि नातू आखाजीसाठी आले. नातवाने गाडी चालवली आणि पहिलाच प्रश्न विचारला, ‘नाना, हिचा वेग कोणी चोरला?’ त्याला दोन्ही दिवसांच्या नोंदी दाखवल्या. त्याने त्या शांतपणे वाचल्या आणि पाच मिनिटे जास्त मिळतात हे मान्य केले, तेही केवळ हिशेब चुकलेला नाही म्हणून. आजपासून वही दोघांची आहे.

५ मे, रविवार

यावल रस्त्यावर तापीपलीकडे चुलत भावाचे शेत आहे. कपाशी निघून गेली होती, पऱ्हाट्या उपटून बांधावर रचलेल्या होत्या आणि नांगरट व्हायची होती. नातवाला मोकळे मैदान पाहिजे होते, ते मिळाले. ही काळी जमीन उन्हाळ्यात आकसते आणि तिला हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात, हे मला ठाऊक असूनही गाडीच्या बाबतीत सुचले नाही. चौथ्या फेरीत पुढचे डावे चाक भेगेत अडकले आणि गाडी जागेवर कोलांटली.

स्टिअरिंगचा सर्व्हो, म्हणजे पुढची चाके वळवणारी छोटी मोटर, वाचला, कारण त्याच्या आणि चाकांच्या मध्ये स्प्रिंगचा सर्व्हो सेव्हर असतो. आघात आला की तो वळतो आणि सर्व्होच्या नाजूक दातांपर्यंत धक्का पोहोचू देत नाही. डाव्या दांडीचा गोलक मात्र वाटीतून निसटला होता, तो पकडीने दाबून बसवला. घरी आल्यावर मातीची ढेकळे झाडून गाडी बाजूला ठेवली. सगळी गाडी पुन्हा तपासायला पाहिजे होती. तपासली नाही, कारण जेवायला भरीत-भाकरी वाढून तयार होती.

८ मे, बुधवार (नातवाच्या हस्ताक्षरातील नोंद)

गाडी सरळ सोडली तरी उजवीकडे जाते. ट्रिमचे (चाकांची सरळ दिशा थोडी सरकवायचे) बटण डावीकडे चार वेळा दाबले. आता सरळ जाते.

१० मे, शुक्रवार, आखाजी

सकाळी घागर भरण्याचा विधी, दुपारी आमरस, आणि सायंकाळी अंगणातील झोक्यावरच्या गाण्यांच्या पार्श्वभूमीवर आमची चाचणी. हवा ४४, मोटर ९२, वाढ ४८ अंश. बॅटरी १५ मिनिटांतच संपली. पिनियन बदलून कमावलेले जवळजवळ सर्व हातचे गेले आहे.

११ मे, शनिवार

शेतातील आपटीने मोटर सरकून दात रुतले असावेत, असे मी धरून चाललो. कागदाची पट्टी घालून जुळणी पुन्हा केली. पहिली जुळणीही बरोबरच होती. तरीही चाचणी घेतली आणि वाढ ४७ अंश आली. मग ब्रश झिजले असावेत असा दुसरा तर्क केला आणि मोटर बॅटरीवर बिनभाराची फिरवून पाहिली. ती ठिणग्या न पाडता, एकसारख्या आवाजात फिरली. दिवस गेला.

१२ मे, रविवार

सकाळी चहा घेताना वही मागून पुढे वाचत होतो, तेव्हा नातवाच्या ८ तारखेच्या नोंदीवर नजर थांबली. ५ तारखेपूर्वी ट्रिमला हात लावावा लागला नव्हता. गाडी उजवीकडे ओढते, कारण उजवीकडे काहीतरी तिला मागे धरून ठेवत आहे, आणि ट्रिमने आपण त्या ओढीला चाके वाकडी करून उत्तर देत होतो. दुखणे झाकले गेले आणि मोटर मात्र ते ओढत राहिली.

दोन्ही मागच्या चाकांचे ड्राइव्ह शाफ्ट सोडवून प्रत्येक चाक बोटाने फिरवले. शाफ्ट न सोडवता ही परीक्षा घेण्यात अर्थ नाही, कारण डिफरेन्शियलमुळे एक चाक फिरवले की दुसरे उलट फिरू लागते आणि नेमके कोणते अडते ते कळत नाही. डावे चाक मोकळेपणाने गरगरत राहिले. उजवे अर्ध्या वेढ्यात थांबले. चाक काढले तर एक्सलवर, बेअरिंगच्या तोंडाशी, कापसाच्या तंतूंची घट्ट पिळलेली वळी निघाली, मातीने काळी झालेली. वेचणीनंतर पऱ्हाट्यांवर आणि जमिनीवर जो कापूस राहून जातो, तोच फिरत्या एक्सलने सूत कातावे तसा गुंडाळून घेतला होता. त्या वळीने बेअरिंगचे झाकण आत दाबले होते आणि गोळ्यांमध्ये माती शिरली होती. ब्लेडच्या टोकाने तंतू कापून चिमट्याने ओढले. नातवाने ती वळी काडेपेटीत ठेवली आहे.

नातू म्हणाला, ‘म्हणजे मीच शोधलं ना, नाना?’ नोंद त्याची आणि वाचन माझे, असा निवाडा केला. दोन दिवस वाया गेले ते माझ्या खात्यावर, कारण नवी नोंद समोर असताना मी आपल्या अनुभवाला विचारत बसलो होतो.

१४ मे, मंगळवार

मागच्या दोन्ही चाकांची बेअरिंगे बदलायची असे ठरले होते, परंतु दुकानात एकच जोडी मिळाल्यामुळे ती फक्त उजव्या चाकात घातली. डाव्या चाकाची जुनीच ठेवली; ती मोकळी फिरत आहेत. बेअरिंगच्या बाहेरच्या बाजूला पातळ वॉशर बसवले. ट्रिम चार दाब परत घेऊन शून्यावर आणला आणि गाडी सरळ गेली.

हवा ४३, मोटर ७५, वाढ ३२ अंश. बॅटरी २० मिनिटे. एप्रिलपेक्षाही वाढ तीन अंशांनी उतरली, म्हणजे जुनी बेअरिंगे तेव्हाही थोडी जड असावीत.

१९ मे, रविवार

चार्जिंगविषयी. बॅटरी चालून आल्यावर गरम असते आणि निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी गरम असताना चार्ज नीट घेत नाही, म्हणून तासभर थांबण्याचा नियम केला. दुपारी खोलीतच ४० अंश असल्याने थांबूनही ती थंड होत नाही. त्यामुळे चार्जिंग पहाटे, दीड अँपिअरवर, फरशीवर बॅटरी ठेवून आणि घरातले कोणी जागे असताना करायचे. नातवाने ती कूलरसमोर ठेवण्याची युक्ती सुचवली होती. कूलरची हवा गार असते तशीच दमटही असते, आणि प्लगच्या पितळी पिनांना तो ओलावा मानवत नाही, म्हणून ती युक्ती नामंजूर झाली. वीज गेली तर आमचा चार्जर वीज आल्यावर नव्याने सुरुवात करतो आणि आधी किती चार्ज झाला ते विसरतो. अशा वेळी त्याच्या पडद्यावरच्या आकड्यावर विसंबू नये.

२६ मे, रविवार

आज अपघात टळला नाही, फक्त लहान झाला. रिमोटमधील चार पेन्सिल सेल संपत आले होते. गल्लीच्या टोकाला असताना रिमोट बंद पडला आणि गाडी थांबण्याऐवजी तशीच पुढे जाऊन शेजारच्या तुळशी वृंदावनावर आदळली. तुळस सुखरूप आहे. गाडीचा पुढचा बंपर चिरला आहे.

संदेश तुटल्यावर गाडीने काय करावे हे रिसीव्हरमध्ये आधीच साठवलेले असते, त्याला फेलसेफ म्हणतात. आमच्या गाडीत ते साठवताना कोणाचे तरी बोट ॲक्सिलरेटरच्या खटक्यावर किंचित दाबलेले राहिले असणार, म्हणून तुटल्यावर ती त्याच वेगाने चालत राहिली. खटका पूर्ण सोडून फेलसेफ पुन्हा साठवले. मग गाडी विटेवर, चाके अधांतरी ठेवून, चाके फिरत असताना मुद्दाम रिमोट बंद केला. चाके लगेच थांबली. ही परीक्षा आता दर रविवारी. चालू करताना आधी रिमोट आणि मग गाडी, बंद करताना आधी गाडी आणि मग रिमोट, हा क्रम नातवाने रिमोटच्या पाठीवर कागद चिकटवून लिहिला आहे.

त्याने विचारले की कॉलनीत दुसऱ्याची गाडी आली तर आपल्या रिमोटने ती चालेल का. जुन्या २७ मेगाहर्ट्झच्या खेळण्यांत तसे होत असे, एका रिमोटवर दोन गाड्या वळत. २.४ गिगाहर्ट्झच्या संचात रिमोट आणि रिसीव्हर यांची ओळख आधीच जुळवलेली असते, त्यामुळे रिसीव्हर परक्या रिमोटचे ऐकत नाही. भारतात हा पट्टा २००५ साली कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त झाला. निकोला टेस्ला यांनी १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये रेडिओने चालणारी छोटी नाव लोकांना दाखवली होती, हेही सांगितले. त्यावर त्या नावेला फेलसेफ होते का, असा प्रतिप्रश्न आला.

९ जून, रविवार

रात्री पाऊस झाला. मनाई असूनही गाडी गल्लीच्या शेवटच्या मोकळ्या प्लॉटवर गेली आणि चार मिनिटांत तिची चाके ताटाएवढी झाली. काळी माती ओली झाली की टायरवर थरावर थर चढवते. बैलगाडी तिथे रुतते, या गाडीची काय कथा. मोटर तापण्याच्या आत उचलली. चिखल ओला असताना पाण्याने धुण्याचा मोह टाळला, तो वाळू दिला आणि मग ब्रशने झाडला. वाळलेली माती ढलप्यांनी सुटते, ओली माती बेअरिंगमध्ये शिरते.

१३ जून, गुरुवार

शाळा सुरू होत असल्याने नातू उद्या धुळ्याला जाणार. शेवटची चाचणी: हवा ३४, मोटर ६६, वाढ ३२ अंश. खोक्यात गाडी, इन्सुलेशन टेप, दीड मिलिमीटरचा ॲलन पाना, जुना रंगाचा ब्रश आणि २६ दातांचा पिनियन ठेवला आहे. पिनियन ठेवावा की नाही याचा मी बराच वेळ विचार केला. तापमापक त्यालाच दिला; मला आता तसाही ताप मोजायला समोरच्या गृहस्थांखेरीज काही उरलेले नाही. वहीची पाने त्याने मोबाइलवर काढून घेतली.

२३ जून, रविवार

सायंकाळी धुळ्याहून फोन आला. ‘नाना, लिहून घ्या. हवा ३१, मोटर ६९, वाढ ३८.’ सहा अंश जास्त का, असे मी विचारण्याच्या आतच तो म्हणाला की, ट्रिम उजवीकडे दोन दाब द्यावा लागत आहे. शाफ्ट सोडवून चाके फिरवून पाहण्यास सांगितले. फोन तसाच ठेवून तो गेला. पाना फरशीवर पडल्याचा आवाज आला, आईचे काहीतरी बोलणे ऐकू आले. परत येऊन त्याने सांगितले की उजवे चाक गरगरते आहे आणि डावे पाऊण वेढ्यात थांबते.

डाव्या बाजूची बेअरिंगे जुनीच आहेत, हे १४ मेच्या नोंदीत आहे. उद्या जोडी घेऊन धुळ्याच्या बसमध्ये वाहकाकडे द्यायची.